सावलीची मोजणी

त्या रानात वड एकच होता आणि पिल्लं फार झाली होती.

वड जुना होता. त्याला सात मोठ्या पारंब्या होत्या, आणि रानातलं प्रत्येक पाखरू त्या सात पारंब्यांवरूनच उडायला शिकलेलं होतं. पहिली पारंबी जमिनीच्या वर वीतभर सुटलेली. पिल्लू तिच्या टोकाला लोंबकळायचं आणि खाली पडायचं. ते पडणं जमलं की दुसरी, मग तिसरी, असं करत सातवीपर्यंत चढायचं. सातवीवरून सुटलेलं पिल्लू खाली आलं नाही, की ते उडालं असं धरत. शिकवायला भारद्वाज गुरुजी होते. गुरुजी स्वतः फारसे उडत नसत, झुडपाझुडपांतून चालतच हिंडत. पण त्यांचं दर्शन शुभ मानलं जाई, आणि शिकवणाऱ्याला उडता आलंच पाहिजे असा त्या रानाचा हट्ट नव्हता.

पूर्वी एका पारंबीला दोन-तीन पिल्लं असत. मग झुडपं वाढली, घरटी वाढली, आणि एकेका पारंबीला दहा-अकरा पिल्लं लटकू लागली. वरच्याची नखं खालच्याच्या डोक्यात रुतायची. एका उडीसाठी तीन-तीन दिवस ताटकळावं लागे. गुरुजींना नावं आठवेनाशी झाली, ते सगळ्यांनाच 'ए बाळा' म्हणू लागले. शेवटी एका दुपारी तिसरी पारंबी तुटली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात, ते त्या दिवशी अक्षरशः खरं झालं, कारण रानाचा पंच असलेला कावळा, ज्याला सगळे आदराने 'थोरले' म्हणत, नेमका तेव्हाच त्या पारंबीच्या वर येऊन टेकला होता. अकरा पिल्लं एकमेकांवर पडली. मेलं कोणी नाही, पण सगळ्यांत खाली सापडलेलं बुलबुलाचं पिल्लू पुढे लंगडतच राहिलं. थोरल्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की आता काहीतरी केलंच पाहिजे. काही केलं नसतं, तर सगळ्यांनी त्यांच्याच बुडाखालच्या फांदीकडे बघितलं असतं.

वडाच्या पूर्वेला एक जुनी विहीर होती, आणि तिच्या कपारीत साळुंकी राहत होती. विहिरीच्या पुढे उघडा माळ, माळाच्या शेवटी ओढा, आणि ओढ्यापलीकडे एकटा कडुनिंब. साळुंकीला त्या वर्षी एकच पिल्लू होतं. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून त्याचं नाव टिकली. एकच का, असं शेजारणी विचारत, तेव्हा साळुंकी म्हणे, "एकावर डोळा ठेवता येतो, बाई."

आदल्या वर्षी तिला तीन होती. तिन्ही माळावर किडे टिपत होती आणि ऊन लख्ख पडलं होतं. साळुंकीने गवतावरून एक लहानशी सावली सरकताना पाहिली. पाण्यावर तेल पसरावं तशी, आवाज न करता ती आली आणि पुढे गेली, आणि ती गेली तेव्हा माळावर दोनच पिल्लं होती. आठ दिवसांत एकही उरलं नाही.

ती सावली कोणाची, हे रानात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिचं नाव घ्यायची रीत नव्हती. अगदीच गरज पडली तर 'वरची' म्हणत. नाव घेतलं की ती येते, आणि वर बघितलं की दिसते, म्हणून वर बघणंही वाईट समजलं जाई. पिल्लांच्या कानांवर तर 'वरची' एवढा शब्दही पडू द्यायचा नाही. टिकलीला असं काही जगात आहे हे माहीतच नव्हतं, आणि आपण पोरीला एवढ्या भीतीपासून दूर ठेवलं याचं साळुंकीला समाधान वाटे. भीती तिने सगळी स्वतःकडे ठेवली होती. वडाखाली गेलं की डोक्यावर पानं असतात, माळावर डोक्यावर काही नसतं. टिकली एकदा वडाच्या सावलीत गेली की सुटलो, एवढंच तिला कळत होतं.

थोरल्यांनी सभा बोलावली. "ओढ्यापलीकडच्या निंबावर जागा आहे," ते म्हणाले. "तिथला कोतवाल शिकवायला तयार आहे. निम्मी पिल्लं वडावर, निम्मी निंबावर. सीमा कुठून घालायची तेवढं ठरवू."

'सीमा' म्हणताच सगळ्यांचं धाबं दणाणलं. सकाळपर्यंत एकमेकांच्या पिल्लांना किडे भरवणारी पाखरं आपापल्या पिल्लाला पंखाखाली ओढून बसली.

"निंबाला पारंबी नाही," सुगरण म्हणाली. "पारंबीशिवाय उडायला शिकलेलं पाखरू कोणी बघितलंय का?"

कोणी बघितलं नव्हतं, कारण कोणी तसं शिकलंच नव्हतं.

"निंबाला माझा विरोध नाही," वडाच्या ढोलीतला पोपट म्हणाला. "निंब चांगलाच आहे. कोणी जायचं एवढाच प्रश्न आहे. आम्ही पणजोबांपासून इथले."

सातभाई नेहमीप्रमाणे एकदम बोलले. "आमची सात घरं! भाऊ इकडे, भाऊ तिकडे, असलं चालायचं नाही!"

"मग साती घरं तिकडे जा की," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सभा उधळता उधळता राहिली.

तेवढ्यात थोरल्यांना जुनं वचन आठवलं. जिथवर सावली, तिथवर वड. सगळ्यांच्या आज्या-पणज्यांनी ते ऐकलेलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वचनापुढे कोण बोलणार! ती संध्याकाळ रानात फार शांत गेली. दुसऱ्या दिवशी सावलीची कड बघायला सगळे गोळा झाले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की सावली एका जागी राहत नाही.

सकाळी ती पश्चिमेला सातभाईंच्या झुडपांवर पडे. दुपारी वडाच्या पायाशी गोळा होई, तेव्हा सावलीत फक्त पोपट आणि कावळे. तिसऱ्या प्रहरी ती पूर्वेला विहिरीपर्यंत येई, आणि मावळतीला तर ओढा ओलांडून पलीकडे जाई. त्या वेळची धरली असती तर निंबसुद्धा वडातच मोजावा लागला असता. साळुंकीने दुपारच्या सावलीपासून आपल्या कपारीपर्यंत उड्या मारत मोजलं. एकोणीस उड्या. तिने पुन्हा मोजलं, जरा लांब उड्या मारून. तरी सतरा भरल्या.

आठ दिवस भांडण चाललं. सातभाई सकाळची सावली सोडीनात, पोपट दुपारचीच खरी म्हणे, विहिरीवाले तिसऱ्या प्रहराला चिकटून बसले. प्रत्येकाला आपल्या आजीने सांगितलेली वेळ बरोबर आठवत होती. साळुंकीही भांडली. तिची शेजारीण पारवीण त्याच विहिरीत समोरच्या कपारीत राहत होती, ती म्हणालीसुद्धा, "साळू, तुझ्या तोंडाला काय झालंय गं? तू असली बोलत नव्हतीस."

नवव्या दिवशी सभेत कोतवाल आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. अंगाने काळा, शेपटी दुभंगलेली, आणि सगळ्यांच्या आवाजाची नक्कल करणारा, त्यामुळे त्याचा स्वतःचा आवाज कोणता ते कोणाला माहीत नव्हतं.

"पारंब्या माझ्याकडे नाहीत, हे खरं आहे," तो म्हणाला. "पिल्लं फांदीवरून उडतील, चार दिवस उशिरा उडतील. पण माझा पहिला धडा पंखांचा नाहीच. मी पहिल्यांदा वर बघायला शिकवतो. कारण घार जेव्हा..."

पुढचं ऐकूच आलं नाही. त्याने नाव घेतलं होतं, भर दिवसा, पिल्लांच्या देखत! सुगरणीने पिल्लांचे कान पंखांनी झाकले. सातभाई किंचाळत उठले. गवतावरची ती सावली साळुंकीच्या डोळ्यांपुढून सरकली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या जिभेला काही हाड? पोरं बसलीत ना इथं!"

कोतवालाने तिच्याकडे पाहिलं. "बसलीत म्हणूनच बोललो, बाई," तो म्हणाला आणि उडून गेला.

असल्याच्या हाती पिल्लं द्यायची नाहीत यावर त्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं. गेल्या नऊ दिवसांतलं ते पहिलं एकमत.

सीमा मात्र ठरेना. थोरल्यांनी मग असं काढलं की ज्याचं घरटं सावलीत, तो वडाचा, मग वेळ कोणतीही असो. दोन दिवसांत वडाखाली चाळीस नवी घरटी उभी राहिली. त्यांतल्या निम्म्यांना तळच नव्हता. साळुंकीनेही चार काड्या नेऊन ठेवल्या. तिला लाज वाटली, पण शेजारी सुगरणीची तीन घरटी होती आणि ती एवढी सुबक होती की कोणी खोटी म्हटलं नसतं. थोरले एका घरट्यात पाय ठेवायला गेले ते सरळ खाली आले, तेव्हा हा नियमही मोडीत निघाला.

"आता घरटं धरायचं नाही," थोरले अंगावरच्या काड्या झटकत म्हणाले. "पिल्लू धरायचं. मी कधीही येईन आणि तीनदा ओरडेन. तिसऱ्या कावला जे पिल्लू सावलीत असेल, ते वडाचं. वडाच्या पारंब्या मूळच्या सात, तेव्हा मोजण्या सात. एकदा जरी चुकलं तरी निंबावर. आणि सात मोजण्या होईतो शिकवणं बंद. अर्धवट शिकलेलं पिल्लू कोणाचं, हा आणखी वाद मला नको."

शिकवणं बंद, याचं कोणाला काही वाटलं नाही. मुळात वड मिळाला पाहिजे, शिकणं काय, नंतर होईलच.

साळुंकी त्या दिवसापासून नीट जेवली नाही. मोजणी कधीही होणार म्हणजे ती आत्ताही होऊ शकते, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला. टिकली पळायला चपळ होती, पण तिला सावलीची गोडी नव्हती. उन्हात एखादा किडा दिसला की कावळा ओरडो नाहीतर आभाळ कोसळो, ती आधी किडा टिपायची. पहिल्या मोजणीला ती अगदी थोडक्यात बचावली. तिसऱ्या कावला तिचं अंग सावलीत होतं आणि शेपूट उन्हात. थोरल्यांनी मान वाकडी करून बराच वेळ बघितलं, आणि 'चला, आत' म्हणाले.

त्या संध्याकाळी तिला एक युक्ती सुचली. वडाची सावली विहिरीशी सगळा वेळ नसते, मग सराव द्यायचा कसा? साळुंकी टिकलीच्या थोडी वर, उन्हाच्या बाजूला फडफडत राहिली. पंख पसरले की तिची स्वतःची सावली जमिनीवर पडे. "सावली!" ती ओरडे. टिकलीने पळत जाऊन त्या सावलीत शिरायचं, मान खाली घालायची, डोळे मिटायचे आणि आई 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. शिरली की एक किडा. किडा म्हटल्यावर टिकली दोन दिवसांत तयार झाली. मग साळुंकी आपली सावली हलवू लागली. माळावरून ती खालून उडत जाई, सावली गवतावरून पळे, आणि टिकली तिच्या मागे धावत जाऊन बरोबर मधोमध बसे. पुढे पुढे किडाही लागेना. 'सावली' एवढा शब्द ऐकला की तिचे पाय आपोआप उचलत.

दुसऱ्या मोजणीला टिकली पहिल्याच कावला सावलीत होती. तिसऱ्या मोजणीलाही. बाकीच्या आया बघत होत्या. सुगरणीने आधी नाक मुरडलं आणि दोन दिवसांनी तीच साळुंकीला विचारायला आली. मग सातभाई आले. बुलबुल आपल्या लंगड्या पिल्लाला घेऊन आला. आठवड्याभरात सगळ्या माळावर आई-बाप पंख पसरून खालून उडताना दिसू लागले, आणि त्यांच्या सावल्यांमागे पिल्लांचे थवेच्या थवे धावत होते. जिकडेतिकडे एकच आरडा. सावली! सावली! पोपटही एकदा म्हणाला की साळुंकीबाईंची पद्धत नामी आहे. साळुंकीचा ऊर भरून आला. बरेच दिवसांनी तिला थोडी झोप लागली.

पिल्लं मोठी होत होती. त्यांचे पंख भरले होते. पळताना ते मध्ये येत, म्हणून अंगाशी घट्ट मिटून धरायला आया शिकवत.

पाचव्या मोजणीला पारविणीचं पिल्लू चुकलं. पारवीण रडली नाही. ती दुसऱ्या दिवशी पिल्लाला घेऊन ओढ्याकडे निघाली. साळुंकीने तिला अडवलं.

"पारवीणताई, थोरल्यांच्या पाया पडू. पाय मुरगळला होता म्हणून सांगू. असं लगेच काय निघालीस?"

"दमले गं मी," पारवीण म्हणाली. "महिनाभर मी त्याला फक्त पळवलं. पोरगं माझ्यासारखं दिसेनाच, कोंबडीसारखं दिसायला लागलंय."

"अगं, पण माळ ओलांडून रोज जायचं! डोक्यावर पान नाही! काही झालं म्हणजे?"

पारवीण तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "साळू, तुला काय भीती आहे ते मला ठाऊक आहे. मी समोरच्याच कपारीत होते गेल्या वर्षी. तू एकदा निंबावर येऊन तर बघ."

साळुंकी घाईने टिकलीकडे वळली. पण तो शब्द तिच्या मनात राहिला, आणि सहाव्या मोजणीतूनही टिकली पार पडल्यावर ती एका सकाळी एकटीच ओढ्याच्या काठावर जाऊन बसली.

निंबाखाली जेमतेम नऊ पिल्लं होती. ती उन्हात होती आणि सगळ्यांच्या माना वर. कोतवाल निंबावरून सुटला आणि त्यांच्या डोक्यांवरून अगदी जवळून गेला. त्याची सावली जमिनीवरून सरकली, आणि नऊच्या नऊ पिल्लं ओरडत फुटली, ज्याला जिथे झुडूप दिसलं तिथे घुसली. दोन तर उडाली! वाकडीतिकडी, धडपडत, पण उडाली, आणि त्यांतलं एक पारविणीचं होतं. कोतवाल पुन्हा वर गेला, पुन्हा आला, आणि पुन्हा पिल्लं सावलीपासून पळाली.

साळुंकी बघतच राहिली. हे काहीतरी फार मोठं आहे असं तिला वाटलं. एक क्षणभर तर ते तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याच क्षणी तिला दुसरं सुचलं, आणि पहिलं निसटलं. सावलीपासून पळायला शिकवतो हा मेला! इथून एखादं पिल्लू वडाकडे परत यायचं म्हटलं तर ते मोजणीत उभं तरी राहील का? एवढं शिकवलेलं सगळं पुसून टाकील. बरं झालं टिकली इथं नाही. ती तशीच घाईने परत आली आणि त्या दिवशी तिने टिकलीकडून सराव दुप्पट करून घेतला. टिकली दमली, तरी तिने सोडलं नाही.

"आई, झाडाच्या सावलीपेक्षा तुझी सावली मला जास्त आवडते," टिकली धापा टाकत म्हणाली. "ती आपणहून जवळ येते."

"एकच मोजणी राहिली, बाळा," साळुंकी म्हणाली. "मग तुला कध्धी पळायला लागणार नाही."

सातवी मोजणी उघड व्हायची होती. सावलीजवळ राहणाऱ्यांची सोय होते अशी तक्रार होती, म्हणून थोरल्यांनी ठरवलं की शेवटच्या वेळी सगळ्या पिल्लांनी माळाच्या मध्यावर, सावलीपासून सारख्या अंतरावर उभं राहायचं. आई-बापांनी वडावर बसायचं आणि पिल्लांना हात लावायचा नाही. याहून चोख न्याय झाला नसता, आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही आली नाही.

ऊन चांगलं चढलं होतं. माळावर साठ पिल्लं रांगेत उभी होती, सगळ्यांचे पंख अंगाशी मिटलेले, सगळ्यांच्या माना खाली. एवढी पिल्लं एवढ्या उघड्यावर त्या रानात आजवर कधी उभी राहिली नव्हती. साळुंकी वडाच्या बाहेरच्या फांदीवर होती. टिकलीचा पांढरा ठिपका तिला इतक्या लांबूनही दिसत होता. सगळं चांगलं होणार हे तिला ठाऊक होतं, टिकलीइतकं पळणारं पिल्लू दुसरं नव्हतं. तरी तिचा डोळा त्या ठिपक्यावरून हलत नव्हता.

थोरले शेंड्यावर बसले होते. त्यांनी पहिला काव केला. पिल्लं निघाली. टिकली पहिल्या चारांत होती.

त्यांनी दुसरा काव केला.

तिसरा आला नाही. सगळ्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. त्यांची चोच उघडी होती आणि मान वर होती. मग त्यांनी ती चोच मिटली आणि ते पानांत आत सरकले. कावांच्या भरवशावर धावणारी पिल्लं माळाच्या मध्येच गोंधळून थबकली.

ओढ्यापलीकडे कोतवाल ओरडला. त्याचा आवाज या वेळी कोणाचीच नक्कल नव्हता. निंबाखालची नऊ पिल्लं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाहीशी झाली. कोतवाल एकटा माळावरून इकडे यायला निघाला, पण माळ मोठा होता.

वडावर दुसऱ्या कोणी वर बघितलं नाही, तशी रीत नव्हती. साळुंकीने खाली बघितलं. गवतावरून एक लहानशी सावली येत होती. पाण्यावर तेल पसरावं तशी, आवाज न करता.

साळुंकीने चोच उघडली. टिकलीला सांगायला हवं होतं, आत्ता, याच क्षणी. काय सांगणार? तिचं नाव तिने टिकलीला कधी कळू दिलं नव्हतं. वर बघ म्हणून कधी शिकवलं नव्हतं. गवतावरून जे येत होतं त्याला साळुंकीजवळ एकच शब्द होता, आणि तो ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"सावली! टिकली, सावली! सावली!"

तिचं ऐकून सुगरण ओरडली, सातभाई ओरडले, सगळा वड तेच ओरडू लागला.

माळावरची पिल्लं वळली. टिकलीने एकदा मान उचलून आईकडे पाहिलं. मग तिला ती दिसली. झाडाची लांब होती, ही जवळ होती, आणि आपणहून येत होती. टिकली पंख मिटून धावत सुटली. बाकीची एकोणसाठ तिच्या मागे होती, पण तिच्याइतकं कोणाला पळता येत नव्हतं. ती सगळ्यांच्या आधी पोहोचली, बरोबर मधोमध बसली, मान खाली घातली, डोळे मिटले, आणि आई 'झालं' म्हणायची वाट बघू लागली.